धावपट्टी संपते तिथे...

म्हैसूर शहरातून नंजनगुडच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर मंडकळ्ळीचा विमानतळ येतो. संस्थानच्या काळात, १९४० च्या दशकात बांधलेला हा तळ मधली कित्येक वर्षे जवळजवळ झोपलेलाच होता. २०१० साली नवी इमारत उभी राहिली, नियमित सेवा सुरू झाली आणि म्हैसूरकरांच्या अपेक्षा वाढल्या. दसऱ्याला येणारे पाहुणे, परगावी नोकरीला असलेली मुले, रेशीम आणि चंदनाचा व्यापार; या सगळ्यांना मोठी विमाने हवी आहेत. पण धावपट्टी आहे सुमारे १,७४० मीटरची. पंख्यावर चालणाऱ्या सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानांना ती पुरते. बोइंग किंवा एअरबससारख्या मोठ्या जेट विमानांच्या नियमित सेवेला ती अपुरी पडते. ती २,७५० मीटरपर्यंत वाढवावी, अशी मागणी जुनीच आहे आणि त्या वाटेत आडवा येतो तो राष्ट्रीय महामार्ग. महामार्ग वळवायचा, की धावपट्टीखालून भुयारातून न्यायचा, यावर बराच खल झाला आहे.

योगायोग असा, की हा महामार्ग पुढे गुंडलुपेट आणि वायनाडमार्गे थेट कोळिकोडला पोहोचतो. म्हैसूरहून पश्चिमेला निघालेला दुसरा मोठा रस्ता हुणसूर आणि मडिकेरीवरून मंगळूरला जातो. या दोन्ही गावांची नावे भारतीय विमान अपघातांच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली गेली आहेत. आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता : धावपट्टी संपते तिथे काय आहे?

कापसाच्या गाठी

हा प्रश्न महाराष्ट्राने त्याआधीच पाहिला होता. २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा विमानतळावर आले होते. पुढचा आणि शेवटचा टप्पा मुंबईचा. विमानात ११८ माणसे होती. दुपारी एकच्या सुमारास विमान उड्डाणासाठी धावू लागले.

एप्रिलची मराठवाड्यातली दुपार कशी असते, हे वाचकांना सांगायला नको. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. त्यामुळे त्याच वजनाच्या विमानाला थंडीच्या पहाटेपेक्षा उन्हाळ्याच्या दुपारी जास्त लांब धावावे लागते. विमान भरलेले होते. ते अगदी धावपट्टीच्या टोकाला पोहोचता पोहोचता जमीन सोडू लागले. त्या टोकापलीकडून बीडचा रस्ता आडवा जात होता आणि त्याच क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची डावीकडची चाके आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. जखमी विमान तसेच काही अंतर उडाले, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकले आणि शेतात कोसळले. ५५ जण गेले. ६३ जण वाचले. दोन्ही वैमानिक वाचलेल्यांत होते.

चौकशीने जे संभाव्य कारण नोंदवले, त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धतही चुकली, ही पहिली. विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडले, ही दुसरी. म्हणजे रेल्वेच्या साध्या फाटकावर जी काळजी घेतली जाते, तेवढी त्या रस्त्यावर घेतली असती, तर वैमानिकांची चूक चूकच राहिली असती, पण कदाचित तिची किंमत इतकी मोठी झाली नसती.

'संभाव्य' म्हणजे काय?

इथे थोडे थांबून या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. अपघात झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपण कारण शोधतो. यंत्र बिघडले का? वैमानिक चुकला का? घातपात होता का? तीनपैकी एका घरात खूण केली, की मनाचे समाधान होते. चौकशी करणाऱ्यांची रीत वेगळी असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियमच असा आहे, की अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असावा. कोणाच्या माथी दोष मारणे हा तिचा हेतू नव्हे. शिक्षा आणि भरपाई हे कोर्टाचे काम. चौकशीचे काम साखळी शोधण्याचे. कोणती कडी तुटली असती तर अपघात टळला असता? अशा कड्या पुष्कळदा पाच-सहा निघतात.

१४ फेब्रुवारी १९९० चा बंगळूरचा अपघात आठवावा. मुंबईहून निघालेले एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फ मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जणांचा बळी गेला. विमान नुकतेच ताफ्यात आलेले, अगदी नवे कोरे होते. हवाही स्वच्छ होती. उतरताना विमानाची स्वयंचलित यंत्रणा अशा अवस्थेत गेली, की इंजिने किमान जोरावर राहिली. वेग घटत गेला आणि हे ध्यानात येऊन वैमानिकांनी जोर वाढवेपर्यंत वेळ निघून गेली होती. यंत्र हुशार होते, माणसेही अनुभवी होती. पण यंत्र या घडीला काय करीत आहे, हे माणसांना कळायला उशीर झाला. याला 'वैमानिकाची चूक' म्हणून फाइल बंद करता येते. पण मग नव्या पद्धतीच्या विमानाचे प्रशिक्षण कसे असावे, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

मंगळूरची पहाट

२२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे गेले आणि खालच्या दरीत कोसळून पेटले. १६६ पैकी अवघे आठ वाचले. या अपघाताच्या चौकशीचे प्रमुख हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले होते. त्या अहवालातली साखळी वाचताना अंगावर काटा येतो.

रात्रीच्या प्रवासात कॅप्टन झोपले होते. विमानातील ध्वनिमुद्रणात सुरुवातीचा दीड तासाहून अधिक काळ बोलणे नव्हते, घोरण्याचा आवाज होता. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे डोके काही वेळ जड असते, निर्णयशक्ती मंद असते. मंगळूरचे रडार दोन दिवस बंद होते, म्हणून विमानाला खाली यायला नेहमीपेक्षा उशिरा सुरुवात करता आली. परिणामी विमान धावपट्टीजवळ आले तेव्हा फार उंचावर होते. सहवैमानिकाने 'परत वर घेऊ या' असे तीन वेळा सुचवले. कॅप्टनने ऐकले नाही. सुमारे २,४५० मीटरच्या धावपट्टीवर विमानाची चाके टेकली, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश धावपट्टी मागे पडली होती. तरीही थांबण्याचा प्रयत्न चालू ठेवला असता तर विमान कदाचित थांबले असते; पण ब्रेक लावल्यावर पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न झाला. पुढे विमानाचा पंख टोकापलीकडच्या एका काँक्रीटच्या बांधकामाला धडकला. दिशादर्शक यंत्रणेचा अँटेना त्यावर बसवला होता.

झोप, रडार, सहवैमानिकाचा न ऐकलेला शब्द, शेवटच्या क्षणी बदललेला विचार आणि टोकापलीकडचे काँक्रीट. यातली कोणतीही एक कडी तुटली असती तर? म्हणूनच अशा विमानतळांवर धावपट्टीपलीकडे मोकळी, सपाट सुरक्षा-जागा ठेवण्याचा आग्रह धरला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांत ती किमान ९० मीटर सांगितली आहे आणि शक्य तिथे २४० मीटर असावी अशी शिफारस आहे. ही जागा रोज रिकामी दिसते. वर्षानुवर्षे तिचा काही उपयोग नाही असे वाटते. पण तिचे मोल एकाच दिवशी कळते. मंगळूरनंतर आपल्याकडे आणखी एक बदल झाला. २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरो स्थापन झाला. ज्यांनी नियम करायचे, त्यांनीच चौकशीही करायची, ही जुनी पद्धत त्यामुळे मागे पडली.

नायक की दोषी?

आणि तरीही ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोळिकोडला तेच दृश्य दिसले. कोविडच्या काळात दुबईहून माणसे मायदेशी आणणारे विमान, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, मुसळधार पाऊस. पहिला उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला होता. दुसऱ्या वेळी, पाठीमागून वारा असताना, विमान जवळपास निम्मी धावपट्टी ओलांडून टेकले आणि टोकावरून खाली कोसळले. १९० पैकी २१ जण गेले. त्यांत दोन्ही वैमानिक होते.

कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातून आलेले अनुभवी मराठी वैमानिक होते. पहिल्या काही दिवसांत त्यांचे कौतुक 'प्रवाशांना वाचवणारा नायक' असे झाले. वर्षभराने, सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. त्यात संभाव्य कारण म्हणून, ठरलेली कार्यपद्धती न पाळता अस्थिर उतरण चालू ठेवणे आणि सहवैमानिकाने परत वर जाण्यास सांगूनही न जाणे, असे नोंदवले होते. घरच्या माणसांना हे वाचताना काय वाटले असेल, याची कल्पनाच करवत नाही.

पण अहवाल तिथे संपत नाही. कॅप्टनच्या समोरचा काच पुसणारा वायपर पावसात बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठी त्यांना कोळिकोडला पोहोचणे गरजेचे होते, कारण त्या तळावर कंपनीकडे पुरेसे कॅप्टन नव्हते. व्यवस्थेतले हे दोषही अपघाताला हातभार लावणारे, असे अहवालाने स्पष्ट म्हटले आहे. नायक किंवा दोषी, हे दोन्ही शब्द अपुरे आहेत. तीस-पस्तीस वर्षे चोख काम केलेला माणूस एका रात्री, पावसात, दमलेला आणि घाईत असताना, जो निर्णय घेतो, त्यात त्याच्यासोबत वेळापत्रक बनवणारा आणि वायपर तपासणारा यांचाही हात असतो.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतरही हीच घाई दिसली. २६० माणसे गेली. महिनाभराने आलेला प्राथमिक अहवाल, इंजिनांचे इंधन बंद होण्याची नोंद सांगून थांबला. ते का झाले, याचा निष्कर्ष त्याने काढला नव्हता. पण घरोघरच्या चहाबरोबर निकाल मात्र लागून गेला होता.

म्हैसूरने काय मागावे?

छोटी धावपट्टी ही स्वतः धोकादायक नसते. तिला झेपेल तेवढेच विमान, तेवढेच वजन आणि तेवढीच हवा असली, तर ती सुरक्षित असते. धोका सुरू होतो तो मोठ्या हौसेपोटी नियमाला मुरड घातली की. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. उंचीवर हवा मुळातच विरळ. म्हणून मंडकळ्ळीची धावपट्टी वाढवताना फक्त 'किती मीटर' एवढे विचारून भागणार नाही. टोकापलीकडची मोकळी जागा किती? महामार्ग खालून जाणार की बाजूने? उंच इमारती आणि विजेच्या तारा किती दूर? चिकलठाण्याचा ट्रक ज्यांना आठवतो, त्यांनी हे प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि खासदाराला विचारायला हरकत नाही. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यालाही हे कळले पाहिजे, की त्याच्या शेताचा जो तुकडा कायम रिकामा राहणार आहे, तो वाया गेलेला नाही.

आणि प्रवाशाच्या हातात काय असते? बरेच काही. बसल्यावर आपल्या पुढे-मागे दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवावे. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हातांना रांगा मोजता येतात. बाहेर पडायची वेळ आली तर बॅग वर तशीच सोडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे : जमिनीजवळ आलेले विमान एकदम गर्जना करीत परत आकाशात झेपावले, तर चिडू नये. लग्नाचा मुहूर्त टळेल, बंगळूरला उतरावे लागेल, टॅक्सीचे पैसे जातील. मंगळूर आणि कोळिकोड या दोन्ही विमानांत नेमके हेच करायला सांगणारा एक आवाज होता. तुमच्या विमानात तो ऐकला गेला, एवढाच त्या गर्जनेचा अर्थ.