मनगटातले बळ आणि मनगटावरची अक्षरे

– द्वितीय वर्ष, कला

ऐनवेळी पुढे आलेल्या माणसाची गोष्ट आपल्याला फार आवडते. मुख्य खेळाडू जायबंदी होतो, बाकावर बसलेला कोणी एक उठतो, मैदानात उतरतो आणि पाहता पाहता सामना फिरवतो. स्नेहसंमेलनात, बक्षीस समारंभात, पाहुण्यांच्या भाषणात ही गोष्ट निरनिराळ्या नावांनी आपण ऐकलेली असते. तिचे तात्पर्यही ठरलेले असते : मनगटात बळ असले की माणूस काहीही करू शकतो! टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो.

मित्रहो, माझे म्हणणे असे आहे की, ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो. आणि जो अर्धा भाग गाळतो, नेमका तोच आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा असतो. हे पटवून देण्यासाठी मी एक उदाहरण घेणार आहे. ते अमेरिकेतले आहे, १९६५ सालच्या डिसेंबर महिन्यातले.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, एक लांबट टोकदार चेंडू, आणि तो हातात धरून पळत किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नापूर्वी गडी कोंडाळे करून उभे राहतात आणि पुढची चाल ठरते. ती चाल सांगणारा, चेंडू प्रथम हाती घेणारा, आणि तो फेकावा की दुसऱ्याच्या हाती द्यावा हे क्षणार्धात ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. चाली पुष्कळ, प्रत्येकीला सांकेतिक नाव, आणि त्या साऱ्या त्याला तोंडपाठ असाव्या लागतात. त्याच्या मागून पळणारा तो हाफबॅक. चेंडू छातीशी कवटाळून समोरची माणसांची भिंत फोडत पळणे हे त्याचे मुख्य काम. म्हणजे एक नाटकाचा सूत्रधार म्हणावा, तर दुसरा लढाईच्या प्रवेशातला शिपाई.

त्या काळी बाल्टिमोर शहराचा 'कोल्ट्स' हा संघ नॅशनल फुटबॉल लीगमध्ये मोठा नावाजलेला होता. (हाच संघ पुढे १९८४ मध्ये इंडियानापोलिसला गेला.) त्याचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस म्हणजे त्या पिढीचा महानायक. ५ डिसेंबर १९६५ रोजी शिकागो बेअर्सविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा मोसम तिथेच संपला. त्याची जागा राखीव क्वार्टरबॅक गॅरी क्वोझो याने घेतली. पुढच्याच आठवड्यात, १२ डिसेंबरला, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्याच्या खांद्याला जबर दुखापत झाली. आता साखळीतला एकच सामना उरला होता. तो हरला तर साऱ्या आशा संपणार होत्या, आणि हाताशी सराव असलेला क्वार्टरबॅक एकही उरला नव्हता!

प्रशिक्षक डॉन शूला यांनी तेव्हा टॉम मॅटी नावाच्या हाफबॅकला पुढे केले. वय वर्षे सव्वीस. ओहायो स्टेट विद्यापीठात तो क्वार्टरबॅक होता हे खरे. पण तिथले प्रशिक्षक वुडी हेज यांचा सारा भर चेंडू घेऊन पळण्यावर, फेकण्याचे काम क्वचितच पडे. शिवाय त्या गोष्टीला पाच वर्षे लोटली होती. हाती होते सहा दिवस. सहा दिवसांत एवढ्या चाली तोंडपाठ होणे शक्य नव्हते. म्हणून काय केले, तर चालींची यादी लिहून, प्लॅस्टिकखाली घालून, त्याच्या मनगटावर पट्टीसारखी बांधली! कोंडाळ्यात उभे राहायचे, मनगट वर करायचे, वाचायचे आणि चाल सांगायची.

आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर इथे हसू आले असेल. परीक्षेच्या दालनात मनगटावर काही लिहून आणणाऱ्याचे काय होते ते आपण जाणतो. परंतु या दोहोंत फरक आहे. कॉपी लपवून करतात. मॅटीची पट्टी हजारो प्रेक्षकांसमोर उघडी होती. कॉपी केली की उत्तर आयते मिळते. मॅटीला पट्टीतून मिळत होते ते चालीचे नुसते नाव. नाव वाचून अंगावर येणारे अकरा धिप्पाड गडी थोडेच थांबतात? ते पुढचे सगळे त्याचे त्यालाच करायचे होते. रंगभूमीवर विंगेत उभा राहून प्रॉम्प्टर पहिला शब्द पुरवतो. म्हणून काही भूमिका तो करत नाही.

१८ डिसेंबरला लॉस एंजेलिस येथे रॅम्सविरुद्ध सामना झाला. मॅटीने स्वतः चेंडू घेऊन ९९ यार्ड धाव घेतली. चेंडू लांब फेकण्यासाठी त्याच आठवड्यात दुसऱ्या संघातून एड ब्राउन या जुन्या क्वार्टरबॅकला आणले होते. त्याने जॉन मॅकीकडे एक लांब फेक करून गुण मिळवून दिले. कोल्ट्सने सामना २०–१७ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पॅकर्सचा सामना बरोबरीत सुटला, दोन्ही संघ समान ठरले, आणि त्यांच्यात निर्णायक सामना घेणे भाग पडले.

आता मी विचारते, हा विजय एकट्या मॅटीच्या मनगटातल्या बळाचा होता काय? त्याचे धैर्य कोण नाकारील? पण पाच वर्षांपूर्वी कोणी तरी त्याला ते काम थोडेबहुत शिकवून ठेवले होते. शूला यांनी चालींचे जाडजूड पुस्तक बाजूला ठेवून मॅटीला जमतील अशाच चाली निवडल्या. जे त्याला जमणार नव्हते त्यासाठी ब्राउनला आणले. बचावाच्या गड्यांनी प्रतिपक्षाला रोखून धरले. आणि मनगटावर ती पट्टी होती. भाषणातल्या गोष्टीतून हे सारे गळून पडते. उरतो तो एकटा वीर आणि त्याची जिद्द.

हे गळणे मला साधे वाटत नाही. कारण त्या गोष्टीचे तात्पर्य शेवटी आमच्यावर येऊन आदळते.

आमच्या घरात माझ्या आधी महाविद्यालयाची पायरी कोणी चढलेले नाही. वडील चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. प्रवेशाच्या वेळी मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द कानावर पडले, तेव्हा घरी जाऊन विचारावे असे कोणी नव्हते. शिकलेल्या घरांत हे शब्द जेवताना कानावर पडतात. दादा, आत्या, मामा यांनी ही वाट आधी तुडवलेली असते. कोणता अर्ज कधी भरावा, कोणत्या विषयाचे पुढे काय होते, हे त्या मुलांना कोणी शिकवल्याचेही आठवत नाही. त्यांच्याही मनगटावर पट्टी असतेच. ती दिसत नाही, इतकेच!

आम्हांला मात्र ती कोणी तरी कागदावर लिहून द्यावी लागते. मला ती तृतीय वर्षातल्या एका ताईने लिहून दिली. वहीचा अर्धा कागद होता. आधी सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला, मग बँकेचे खाते आधारला जोडणे, मग शिष्यवृत्तीचा अर्ज, त्याची प्रत कोणत्या खिडकीवर द्यायची, जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयाच्या कोणत्या कपाटात असतात. त्या कागदावर एकही स्फूर्तिदायक वाक्य नव्हते. माझ्याबरोबर आलेल्या दोघीजणींना असा कागद मिळाला नाही. एकीची शिष्यवृत्ती राहिली, दुसरीला विषयांचा मेळ बसेना. दिवाळीच्या सुटीनंतर दोघीही आल्या नाहीत. त्यातल्या एकीला शाळेत माझ्याहून अधिक गुण होते. 'जिद्द कमी पडली' असे त्यांच्याविषयी कोणी म्हणाले की मला राग येतो. पहाटे उठून भाकऱ्या करून, सात किलोमीटर चालत एस.टी. गाठणाऱ्या मुलीला जिद्द कोणी शिकवावी?

यावर काही जण म्हणतील की, अशा कुबड्या दिल्याने मुले परावलंबी होतील आणि शिक्षणाचा दर्जा खालावेल. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु शूला यांनी मैदान लहान केले नव्हते. मॅटी हाफबॅक आहे म्हणून दहा यार्डांचे आठ झाले नाहीत, की प्रतिपक्षाने त्याला हळू पाडले नाही. कसोटी तीच राहिली. कसोटीपर्यंत पोचण्याची वाट तेवढी त्याच्या हाती लिहून दिली. आणि परावलंबनाचे म्हणाल, तर आज त्या लीगमधले नामांकित क्वार्टरबॅकसुद्धा मनगटावर अशी पट्टी बांधून खेळतात. तिला कुबडी कोणी म्हणत नाही. समर्थांनी वापरली की ती सोय होते, आणि नवख्याने वापरली की तो कमकुवतपणा. हा न्याय मला समजत नाही.

प्रत्यक्ष महानायक युनायटसचेच पाहा. १९५५ मध्ये पिट्सबर्गच्या संघाने त्याला एकही सामना न खेळवता काढून टाकले होते. १९५६ मध्ये तो कोल्ट्समध्ये आला तो राखीव म्हणूनच. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ जखमी झाला म्हणून त्याला उतरवले, आणि त्याची पहिलीच फेक प्रतिपक्षाने पकडून गुण वसूल केले. त्या एका फेकीवर त्याची पारख करून त्याला परत बाकावर बसवले असते, तर पुढचा युनायटस झालाच नसता.

आता निर्णायक सामन्याविषयी. तो २६ डिसेंबरला ग्रीन बे येथे झाला. दैवाची गंमत अशी की, पॅकर्सच्या पहिल्याच चालीत चेंडू निसटला, कोल्ट्सच्या डॉन शिनिकने तो उचलून थेट पलीकडे नेला, आणि त्याला अडवू पाहणारा पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतःच जायबंदी झाला. त्याच्या जागी झीक ब्रॅटकोव्स्की आला. म्हणजे दोन्हीकडे राखीवच! मध्यंतराला कोल्ट्स १०–० असे पुढे होते. मॅटीच्या बारा फेकींपैकी पाचच पोचल्या, त्याही मिळून ४० यार्डांच्या. तरी संघ तग धरून होता. पॅकर्सने सात गुण मिळवले, आणि सुमारे दोन मिनिटे उरली असताना डॉन चँडलरने लाथेने चेंडू दोन खांबांच्या वर उडवून आणखी तीन मिळवले. बरोबरी झाली. तो चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, असे कोल्ट्सच्या खेळाडूंचे म्हणणे होते. पंचांनी गुण दिले. जादा वेळेत चँडलरने पुन्हा तेच केले आणि पॅकर्स १३–१० असे जिंकले. पुढच्या मोसमात लीगने ते खांब अधिक उंच केले. पण मॅटीच्या सामन्याचा निकाल काही बदलला नाही.

पुढे ९ जानेवारी १९६६ रोजी तिसऱ्या स्थानासाठी झालेल्या सामन्यात त्याने डॅलसविरुद्ध ३५–३ असा दणदणीत विजय मिळवून दिला. मग युनायटस बरा होऊन परतला आणि मॅटी आपल्या जुन्या जागी जाऊन पळू लागला. १९६८ च्या मोसमात कोल्ट्सने लीगचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा अंतिम सामन्यात त्याने तीन वेळा चेंडू पलीकडे नेला. २०२१ मध्ये तो वारला. क्वार्टरबॅक म्हणून त्याचे राज्य जेमतेम तीन सामन्यांचे.

ओहायो राज्यात कँटन येथे या खेळाचे मोठे स्मारक आणि संग्रहालय आहे. तिथल्या थोर खेळाडूंच्या यादीत मॅटीचे नाव नाही. त्याची मनगटपट्टी मात्र तिथे जपून ठेवली आहे. पाहणाऱ्यांनी त्यावरून जो अर्थ काढायचा तो काढावा. मला तर संग्रहालयाने गोष्टीचा गाळलेला भागच जपून ठेवला आहे असे वाटते.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर मागणे थोडे आहे. तृतीय वर्षाच्या प्रत्येकाने जाण्यापूर्वी अर्धा कागद लिहून ठेवावा : काय कळायला उशीर लागला, कोणती खिडकी, कोणता दाखला, कोणते पुस्तक आधी वाचावे. प्रत्येक विभागाने ते कागद एकत्र करून पहिल्या आठवड्यात वाटावेत. खर्च म्हटला तर झेरॉक्सचा. जूनमध्ये नवी मुले येतील, त्यांतली कित्येक आपल्या घरातली पहिलीच असतील. त्यांच्यासाठी स्वागत समारंभ होईल, जिद्दीवर भाषणही होईल. भाषण जरूर व्हावे. पण ती मुले सभागृहातून बाहेर पडतील तेव्हा त्यांच्या हातात तो कागद असावा.