धर्माच्या गायीचे दात मोजाच !



धर्मांत मिळालेल्या गायीचे दात मोजूं नयेत, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे आहे. ही म्हण कोणीं केली असेल? गाय देणारानें, कीं घेणारानें? म्हातारी, आटलेली गाय ज्याच्या गळ्यांत बांधली जाते, तो अशी म्हण करील काय?

फुकट वस्तु हातांत घेतांना गरिबाचा जीव अवघडतो. तो ‘कशाला, कशाला’ म्हणतो, मान खालीं घालतो. शिकलेले शहाणे याला अडाणीपणा म्हणतात. कोणी म्हणतात, मनाचा कमकुवतपणा आहे, तो झटकून टाकावा. आमचें म्हणणें अगदीं उलट आहे. गरिबाला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक झालें आहे कीं, आज हातांत पडलेली वस्तु उद्यां तोंडाला कुलूप घालते. त्या कुलपाला आपल्या भाषेंत शब्द आहे, मिंधेपणा. त्याची जाणीव हा रोग नव्हे, शहाणपण आहे.

मग आहेर घेऊं नये काय? अवश्य घ्यावा. हळदीच्या मांडवांत एक जण वही घेऊन बसतो व कोणीं किती दिलें तें नांवानिशीं लिहून ठेवतो. वरवर हा कोरडा हिशोब दिसतो, पण त्या वहीमुळेंच घेणाराची मान ताठ राहते. त्यांच्या घरीं कार्य निघालें म्हणजे आपण जाणार व तितकेंच, जमल्यास थोडें अधिक, देणार. मार्सेल मॉस नांवाच्या फ्रेंच विद्वानानें १९२५ सालीं देणगी या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशींच्या चालीरीती तपासून त्यानें दाखविलें कीं देणें, घेणें आणि परत करणें हीं तिन्ही बंधनें एकाच दोरींत ओवलेलीं असतात. आमच्या आयाबायांना हें निबंधावांचून कळतें. शेजारणीची वाटी त्या रिकामी परत पाठवीत नाहींत.

परत करण्याची वाट जेथें बंद, तेथें मिंधेपणा सुरू. आणि त्याहून मोठी लबाडी आहे ती ही, कीं आपल्याच हक्काची वस्तु आपल्यालाच भेट म्हणून द्यावयाची. ही युक्ति जुनी आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांनीं वर्षभर राबावें आणि सुगींत खळ्यावर बलुत्यासाठीं उभें राहावें. तें बलुतें केलेल्या कामाचें मोल होतें. पण उपकार केल्यासारखें ओतून त्याची भीक करून टाकली जाई. त्यांत आपल्या वाडवडिलांचा हात होता काय, हें शेतकरी बंधूंनींही मनाशीं विचारावें.

तीच रीत आज शाळेंत येते. आम्ही मुलें शिकवितों, म्हणून हें जवळून पाहतों. एखादी कंपनी दप्तरें वाटावयास येते. दप्तरावर कंपनीचें नांव, समोर फोटोवाला. पोरानें दप्तर छातीशीं धरून हंसावें अशी आज्ञा होते. तें हंसलें नाहीं तर त्याला कृतघ्न म्हणावयाचें काय? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात, आणि त्यांत आपल्या आसपासच्या मुलखाला अग्रक्रम द्यावयाचा असतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें मोफत शिक्षण हाही १ एप्रिल २०१० पासून कायद्याचा हक्क आहे. मग उपकार कोणाचा, आणि टाळ्या कोणाला?

द्रोणागिरीच्या जमिनीची गोष्ट तर याहून मोठी. १९७० सालीं सिडको निघाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. भातशेती गेली, मिठागरें गेलीं. जानेवारी १९८४ मध्यें जासईचे दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकरी न्याय्य मोबदल्यासाठीं रस्त्यावर उतरले. १६ व १७ जानेवारीस गोळीबार झाला, पांच जणांनीं प्राण दिले. पुढें १९९० सालीं सरकारनें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना काढली. त्यांतूनही पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठीं कापले जातात. पदरांत पडतात पावणेनऊ. आणि या भूखंडालाही कोणी ‘सरकारची कृपा’ म्हणतो ! शंभर गुंठे घेऊन पावणेनऊ परत करावे आणि वर कृपेचा हार गळ्यांत घालून घ्यावा, हा कोणता न्याय? ज्यांचे बाप-भाऊ त्या दोन दिवसांत पडले, त्यांनीं आभार कोणाचे मानावे?

निवडणुकीच्या आदल्या रात्रीं दारांत येणारी साडी व कुकर यांचीही गोष्ट तशीच. मतासाठीं दिलेली भेट ही लांच आहे, आणि ती देणाराइतकाच घेणाराही कायद्यानें दोषी ठरतो. पांच वर्षें रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल तोंड न उघडण्याची ती किंमत आहे. कुकरची शिट्टी वाजते, घरधनी मात्र गप्प !

म्हणून वस्तु हातीं येतांच तिचे दात मोजा. ती परत करण्याची वाट मोकळी आहे काय? असेल, तर ती खरी भेट; आनंदानें घ्या. ती आपल्या हक्काची आहे काय? असेल, तर मान वर करून घ्या, सही करा, पावती मागा, आणि फोटोसाठीं उभे राहूं नका. दोन्ही नसेल, तर ‘नको’ म्हणा. ज्याच्या पोटाला चिमटा बसला आहे त्यानें घेतलें, तर त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं; त्याच्या भुकेचा फोटो काढणाराला मात्र अवश्य ठेवूं.

आपल्या मुलांना ‘थँक्यू म्हण’ एवढेंच शिकवूं नका. ‘हें कोणाचें, आणि मला कां देतां?’ असें विचारावयासही शिकवा.

— एक खेड्यांतील शाळामास्तर