मटण ताजे दिसते, पण निर्धोक आहे का?



मालेगावचा मागावरचा कामगार सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन मोठ्याच्या मटणाच्या दुकानात जातो. रंग पाहतो, वास घेतो, भाव विचारतो. पण माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंना ना रंग असतो, ना वास.

निरोगी जनावराच्या मांसाच्या आत सहसा जंतू नसतात. ते असतात आतड्यात आणि कातड्यावर. सोलताना, कोठा काढताना हात-सुरीबरोबर ते मांसाला लागतात. अख्ख्या तुकड्यावर ते वरवर राहतात, शिजवताना मरतात. खिम्यात मात्र वरचे आत जाते. १९९३ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या गोमांसाच्या खिम्याच्या टिक्क्या खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले, ४ मुले दगावली. जंतू होता ई. कोलाय ओ-१५७. त्याच्या विषाने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. १९९४ साली तिथल्या सरकारने हा जंतू असलेला खिमा भेसळयुक्त ठरवला.

तपासणी कशी होते? निर्जंतुक सुरीने नमुना घेऊन निर्जंतुक पिशवीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. वाटेत तापला तर जंतू वाढतात आणि निकाल खोटा ठरतो. साल्मोनेला शोधताना २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पोषक द्रवात घालून सुमारे एक दिवस ३७ अंशांवर ठेवतात. मग खास थाळीवर वाढवून ओळख पटवतात. याला काही दिवस लागतात. पण २५ ग्रॅम स्वच्छ निघाले म्हणून अख्खे जनावर स्वच्छ ठरत नाही. म्हणून नमुने पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ठिकाणांहून घ्यावे लागतात. आणि कत्तलखाना स्वच्छ नसेल तर नुसत्या नमुन्यांनी काय होणार?

राज्यात २०१५ साली बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याखालचा पहिला गुन्हा मालेगावातच नोंदला गेला. अशा प्रकरणात मांसाचा नमुना तपासतात तो जनावर कोणते हे कळण्यासाठी. ते मांस खाण्याजोगे आहे का, हा त्या तपासणीचा प्रश्नच नसतो. तो प्रश्न आपणच विचारला पाहिजे. म्हशीचे मांस कायद्याने विकले जाते. ते गरिबाचे अन्न आहे, म्हणून त्याची तपासणी कमी महत्त्वाची ठरत नाही.

अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसे सांगावे लागते. दोष निघाला तर फी परत मिळते. एकट्याला ती फी जड जाते. महिला मंडळाने मिळून भरली तर जमते. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारही करता येते.

माता-भगिनींनी घरी एवढे पाळावे. मटणाची सुरी-पाट कोशिंबिरीला वापरू नये. खिमा आतपर्यंत चांगला शिजवावा. चान्या वाळल्या म्हणजे सगळे जंतू मेले असे नाही, त्याही नीट शिजवाव्यात. शिजलेले कालवण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात एका तासापेक्षा. काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. मुलाला रक्ताची हगवण लागली तर दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणून देऊ नये. साखर-मिठाचे पाणी पाजत लगेच दवाखाना गाठावा.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. आज घामाच्या पैशाने घेतलेले मांस स्वच्छ असावे, ही मागणीही स्वाभिमानाचीच आहे.