बँडचा तास

अमेरिकेतील शाळांविषयी आपल्याकडे जे बोलले वा लिहिले जाते त्यात तेथील प्रयोगशाळा, ग्रंथालये, संगणक आणि क्रीडांगणे यांचा उल्लेख हटकून येतो. बँडचा येत नाही. आलाच तर फुटबॉलच्या सामन्यातील मध्यंतराची करमणूक एवढाच. वास्तविक तेथील एखाद्या सामान्य गावातील हायस्कुलात शे-दीडशे मुलामुलींचा बँड उभा राहतो, चालता चालता चांगले संगीत वाजवितो आणि जुनी मुले दरवर्षी शाळा सोडून जात असतानाही पिढ्यान् पिढ्या टिकतो, ही शिक्षणाच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हे. याचे श्रेय त्या देशाच्या संपत्तीला देऊन मोकळे होण्याची आपली रीत आहे. संपत्ती हे कारण आहेच, पण ते पुरेसे नाही. खरे कारण असे की, तेथे बँडला वेळापत्रकात जागा आहे. गणिताचा तास असतो तसा बँडचा तास असतो, तो शाळेच्या वेळात असतो, त्याचे गुण प्रगतिपुस्तकात येतात आणि तो घेणारा शिक्षक संगीत-शिक्षणाची पदवी घेतलेला, पूर्ण वेळ पगारी नोकर असतो.

ही जागा बँडला कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या दूरदृष्टीमुळे मिळाली असे समजण्याचे कारण नाही. बँडने मैदानावर आकृती रचण्याची प्रथा विद्यापीठांतून आली. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने ‘पी’ हे अक्षर मैदानावर उभे केले. शाळांत बँड पसरला तो पहिल्या महायुद्धानंतर. सैन्याच्या बँडमधून परतलेले वादक कामाच्या शोधात होते. गावोगावचे हौशी बँड ग्रामोफोनपुढे मागे पडू लागले होते, आणि त्यामुळे वाद्ये तयार करणाऱ्या कारखानदारांना नवे गिऱ्हाईक हवे होते. त्यांना ते शाळांत दिसले. शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२३ साली शिकागोत भरली ती या कारखानदारांच्या पुढाकाराने. हेतू धंद्याचा होता हे लपविण्याची गरज नाही. परंतु कारखानदारांनी वाद्ये विकली आणि शाळांनी ती विकत घेऊन शिक्षक नेमले, हा व्यवहार मुलांच्या पदरात काही टाकून गेला. धंद्याच्या ओघात शिक्षणाचे भले झाल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणूनच या उदाहरणाची नोंद घेतली पाहिजे.

बँड यशस्वी कसा होतो हे पाहावयाचे असेल तर हायस्कुलात जाऊन उपयोग नाही. पाचवी-सहावीच्या वर्गात गेले पाहिजे. दहा-अकरा वर्षांचे मूल तेथे वाद्य निवडते. पहिले वर्ष ओठ कसे धरावे, श्वास कोठून घ्यावा, बोटे कोठे ठेवावीत यातच जाते. त्याच वेळी ते कागदावरील स्वरलेखन वाचावयास शिकते. हे वाचन म्हणजे साऱ्या इमारतीचा पाया होय. केवळ ऐकून चार धून पाठ केलेल्या मुलाला पाचवी धून पुन्हा कोणीतरी शिकवावी लागते. वाचता येणारे मूल ती स्वतः बसवू शकते. जेथे हायस्कूलचा बँडशिक्षक आठवड्यातून काही तास खालच्या शाळेत जाऊन स्वतः या लहान मुलांना शिकवितो, तेथील बँड सहसा ढासळत नाही. तीन वर्षांनी आपल्याकडे कोण येणार आहे आणि त्याला काय येत नाही, हे त्या शिक्षकाला आधीच ठाऊक असते.

मग ऑगस्टमधील शिबिर. शाळा उघडण्यापूर्वी दहा-बारा दिवस मुले उन्हात मैदानावर असतात आणि पहिले काही तास वाद्याला हातही लावीत नाहीत. ती चालावयास शिकतात. पाच यार्डांत आठ पावले हे तेथील सर्वमान्य माप. म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे. उंच मुलाला आपले पाऊल आखडावे लागते, बुटक्या मुलाला ताणावे लागते. पाय टेकताना धक्का बसला तर तो छातीतून थेट तोंडातील स्वरात उतरतो, म्हणून टाच आधी टेकवून पावलाचा भार हळूहळू पुढे न्यावयाचा. कमरेखालचा भाग चालतो आणि कमरेवरचा भाग बसून वाजवीत असल्यासारखा स्थिर राहतो, हे साधण्यास पुष्कळ दिवस लागतात.

याहून नवलाची गोष्ट कानांची आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानावरील दोन मुलांत पन्नास मीटरांचे अंतर असेल तर एकाचा स्वर दुसऱ्याच्या कानी सुमारे एक-सप्तमांश सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. तेव्हा हा उशीर पाव मात्रेहून अधिक झाला. दूरच्या सोबत्याचे ऐकून त्याच्याबरोबर वाजवावयास गेलेला मुलगा प्रामाणिकपणे बेताल होतो. म्हणून पुढे उभ्या असलेल्या ड्रम मेजरच्या हाताकडे पाहून पाय टाकावयाचे आणि ढोल मागे असतील तर त्यांच्या आवाजावर कान ठेवावयाचे, असा दंडक असतो. बैठकीत शेजाऱ्याचे ऐका असे सांगणारा शिक्षकच मैदानावर दूरच्याचे ऐकू नका असे सांगतो, आणि दोन्ही वेळा त्याचे बरोबर असते. ही कारणे मुलांना समजावून देणारा शिक्षक आणि नुसता ओरडणारा शिक्षक यांच्या बँडमधील फरक सामान्य श्रोत्यालाही कळतो.

शे-दीडशे मुलांना एक शिक्षक पुरा पडत नाही. ट्रंपेटचा, क्लॅरिनेटचा, ढोलांचा असे गट असतात आणि प्रत्येक गटावर वरच्या वर्गातील एक विद्यार्थी प्रमुख असतो. नव्या मुलाला रांगेत आपली जागा कोठे हे तोच दाखवितो. फुटबॉलच्या संघात अकरा जण खेळतात व बाकीचे बाकावर बसतात. बँडमध्ये सहसा असे बाक नसते. जो सर्वांत कच्चा आहे तोही आकृतीतील एक ठिपका असतो आणि तो न आल्यास तेथे भोक दिसते. त्यामुळे कच्च्या मुलाला सुधारणे हे दयेचे काम न राहता साऱ्यांच्या गरजेचे काम होते. पालकांच्या समित्या पैसे जमवितात, गणवेश नीट करतात, वाद्ये ट्रकांत चढवितात. आपल्याकडील पालकसभेची सारी चर्चा गुणांपाशी सुरू होऊन गुणांपाशीच संपते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या कामाचा कस कोठवर लागतो याचे एक उदाहरण न्यू ऑर्लिन्समधील सेंट ऑगस्टिन हायस्कूलचे आहे. वर्णभेदाच्या काळात, १९५१ साली, कृष्णवर्णीय मुलांसाठी ही कॅथलिक शाळा निघाली. एडविन हॅम्प्टन हे तिचे पहिले बँडशिक्षक, आणि सुमारे पन्नास वर्षे तो बँड त्यांच्याच हाती होता. त्या शहरात मार्दी ग्राच्या उत्सवात मोठ्या मिरवणुका निघतात. त्यांतील ‘रेक्स’ ही १८७२ पासून चालत आलेली प्रतिष्ठित गोऱ्यांची मिरवणूक. तिच्यात १९६७ साली सेंट ऑगस्टिनच्या मुलांचा बँड प्रथम चालला. रस्त्याच्या कडेने शिव्या आल्या, अंगावर वस्तू फेकण्यात आल्या. मुलांनी रांग मोडली नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अशा वेळी हात न उचलता पुढचे पाऊल साडेबावीस इंचांवरच टाकावयास लावणारी शिस्त आयत्या वेळी उपदेश करून येत नसते. ती रोजच्या तासाला मुरलेली असावी लागते. पुढे २००५ च्या ऑगस्टात कॅटरिना वादळाने शहर बुडाले. सेंट ऑगस्टिन आणि मुलींच्या दोन शाळा यांनी मिळून २००६ च्या जानेवारीत एकत्र वर्ग सुरू केले आणि अवघ्या काही आठवड्यांनी, त्याच वर्षीच्या मार्दी ग्रात, तिन्ही शाळांचा मिळून एक बँड रस्त्यावर उतरला. अर्धे शहर ओस पडले असताना बँड कशाला, असा प्रश्न त्या शहरातील लोकांना पडला नाही.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९७० नंतर स्पर्धांनी तेथे जोर धरला. ‘बँड्स ऑफ अमेरिका’ या संस्थेची मोठी राष्ट्रीय स्पर्धा १९८० साली सुरू झाली, आणि ढोलपथकांच्या राष्ट्रीय स्पर्धांचे वळण शाळांनीही उचलले. आज बड्या शाळांचे बँड संगीतरचना, आकृत्या आणि सजावट व्यावसायिकांकडून करवून घेतात. अनेक ठिकाणी एका मुलामागे वर्षाला हजार डॉलरहून अधिक खर्च पालकांवर पडतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुले एकच सात-आठ मिनिटांचा कार्यक्रम घोटतात. त्यातून करंडक मिळतो, पण सबंध हंगामात मुलाने नवे संगीत किती वाचले, असे विचारले तर उत्तर अवघड जाते. शाळेबाहेरच्या सरावाला टेक्सास राज्याने आठवड्याला आठ तासांची मर्यादा घातली आहे. एखाद्या विषयात नापास होणाऱ्याला संघातून काही काळ दूर ठेवण्याचा कायदाही तेथे १९८४ मध्ये झाला आणि तो फुटबॉलप्रमाणे बँडलाही लागू पडला. हे निर्बंध हौसेने घातले गेले नाहीत. त्यांची गरज पडली.

याहून गंभीर धोका वडीलधाऱ्या विद्यार्थ्यांच्या अधिकाराचा आहे. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा बँड हा साऱ्या देशाला आदर्श वाटणारा. त्याच बँडमधील एका ड्रम मेजरचा २०११ च्या नोव्हेंबरात सहकाऱ्यांनी दीक्षा म्हणून केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला आणि विद्यापीठाला २०१३ पर्यंत बँड बंद ठेवावा लागला. गटप्रमुखाच्या हाती शिकविण्याचे काम द्यावयाचे, पण शिक्षेचा अधिकार द्यावयाचा नाही, ही रेषा शिक्षकाने स्वतः हजर राहून सांभाळावी लागते. बसमध्ये आणि वसतिगृहात तो हजर नसेल तर मैदानावरच्या शिस्तीला अर्थ उरत नाही.

आपल्याकडे याचा विचार करताना डॉलरचे आकडे बाजूला ठेवावेत आणि वेळापत्रक उघडावे. महाराष्ट्रात पुष्कळ शाळांत बँडपथक असते. साइड ड्रम, बास ड्रम, झांजा, बिगूल, क्वचित बासऱ्या. डिसेंबरात कपाट उघडते, कवायतीचे शिक्षक किंवा सैन्यातून निवृत्त झालेला एखादा वादक संध्याकाळी मुलांकडून दोन-तीन चाली पाठ करून घेतो, २६ जानेवारीला ध्वजवंदन होते आणि कपाट बंद होते. यात त्या शिक्षकाचा दोष नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याची अनुसूचीच सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेही शाळेचा पट शंभरावर असेल तरच, कलाशिक्षणाला ‘अंशकालीन’ निदेशक देते. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेद नको असे सांगितले. भेद नको आणि शिक्षकही नको, असा या दोहोंचा एकत्र अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

मुलांना आवड नाही ही सबब तर मुळीच टिकणारी नाही. गणेशोत्सवाआधी पुण्यात नदीकाठी जाऊन पाहावे. ढोल-ताशा पथकांत शाळा-कॉलेजांची मुले-मुली जवळजवळ दोन महिने पावसात सराव करतात. त्यांना कोणी गुण देत नाही. परंपरा नाही, हेही खरे नव्हे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या आधाराने चालणाऱ्या गावच्या शाळांत मेस्त्री मुलांना स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकवीत. त्या राजवटीची तारीफ करण्याचे कारण नाही. पण त्या साध्या शाळांतून निघालेल्या वादकांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी व पोलिसी बँड भरले आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ साली गुरूचे नाव एका गाण्यात घालून त्यांनी ते घराघरांत पोहोचविले. लोक त्या गाण्यावर नाचले. ज्या गावशाळेतून ते नाव आले तिची आठवण मात्र फारशी कोणाला झाली नाही.

जिल्हा परिषदेने किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेने मनावर घेतले तर सुरुवात लहान करता येईल. जवळच्या तीन-चार शाळांत मिळून एक पूर्ण वेळ शिक्षक नेमावा. पाचवीपासून आठवड्याला तीन तास ठेवावेत. त्यांतील एक केवळ वाचनाचा. ग्रंथालयातील पुस्तकासारखी वाद्ये मुलाच्या नावावर नोंदवून घरी न्यावयास द्यावीत. कपाटातील वाद्य चोरीस जात नाही, पण ते वाजतही नाही. पहिली तीन वर्षे या मुलांना कोणत्याही स्पर्धेत उतरवू नये, मंत्र्याच्या स्वागताला तर नाहीच नाही.

खरी अडचण त्यानंतर येईल. पाचवीत शिकू लागलेले मूल नववीत तयार होते, धाकट्यांना शिकविण्याजोगे होते, आणि नेमके तेव्हाच दहावीचे वर्ष आले म्हणून पालक त्याला बँडमधून काढून घेतात. अमेरिकेतील बँड उभा आहे तो वरच्या वर्गातील मुलांच्या बळावर. आपला बँड तीच मुले गमावून बसतो आणि दरवर्षी पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करतो. दहावीच्या विद्यार्थ्याला आठवड्यातून तीन तास बँडच्या खोलीत बसू द्यावयाचे की नाही, हे मुख्याध्यापकांनी पालकांना जूनच्या पहिल्या सभेतच सांगावे. डिसेंबरात सांगून काही होणार नाही.