खेळून झाल्यावर

स्मरणिकेतील क्रीडा विभागाची पाने बहुधा ढाली, करंडक आणि विजयी संघांच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. ती असावीत, याविषयी आमचा वाद नाही. परंतु त्या छायाचित्रात एका कडेला उभ्या असलेल्या माणसाचा, म्हणजे शिकविणाऱ्याचा, विचार आपल्याकडे क्वचितच होतो. किनवटसारख्या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध, बंजारा आणि बौद्ध कुटुंबांतील मुले वसतिगृहात एका पंगतीला बसतात आणि एकाच मैदानावर धावतात. येथे हा विचार टाळता येण्यासारखा नाही.

फुटबॉलचेच उदाहरण घेऊ. एका चेंडूवर बावीस मुले खेळतात, म्हणून गरिबाच्या शाळेला तो परवडतो. या खेळात मुंबईच्या मैदानांवर घडलेले एक नाव आज देशाला ठाऊक आहे, ते खालिद जमील यांचे. 1977 मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले जमील महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा आणि शेवटी मुंबई एफसी अशा संघांतून खेळले. मधल्या फळीतील चांगला खेळाडू, परंतु ज्याच्या नावावर तिकिटे खपावीत असा तारा नव्हे. दुखापतींनी खेळ आखडला आणि 2009 मध्ये, बत्तिशीतच, ते त्याच मुंबई एफसीत शिकविण्याच्या बाजूला आले. पुढे 2016 पर्यंत तेथेच राहिले. संघ तुटपुंज्या पैशांत चालणारा, पण त्यांनी तो वरच्या श्रेणीत टिकवून धरला.

त्यानंतर मिझोरमचा ऐझॉल एफसी त्यांच्या हाती आला. आदल्या हंगामात श्रेणीतून घसरलेला आणि पुन्हा सामावून घेतलेला हा संघ 2017 मध्ये आय-लीगचा विजेता झाला. ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले गेले. हे यश ताऱ्याचे नव्हे, संघामागून संघ हिंडलेल्या खेळाडूचे आहे, आणि आमच्या मते ते योगायोगाने आलेले नाही. ज्याला सारे सहज जमते, त्याला आपण ते कसे करतो हे सांगता येईलच असे नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला, जागा मिळविण्यासाठी झगडलेला माणूस मात्र खेळ बारकाईने पाहतो. संघात नाव न आलेल्या मुलाच्या मनात काय चालते, हेही त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पालक आम्हाला विचारतात, चेंडूमागे धावून पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणे योग्य नाही. बहुतेकांचे भरत नाही. ज्या महिंद्रा युनायटेडमधून जमील खेळले, तो संघ 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसीही आज उरलेला नाही. कंपनीने हात आखडता घेतला की खेळाडू रस्त्यावर येतो आणि तिशीनंतर पायही साथ सोडतात. म्हणूनच खेळून झाल्यावर काय, हा प्रश्न खेळू लागतानाच विचारला पाहिजे. शिकविणे हा त्याचा एक सन्माननीय मार्ग आहे. तो मात्र वह्या-पुस्तकांतून जातो. प्रशिक्षकाच्या परवान्याची पायरी डी श्रेणीपासून सुरू होऊन सी, बी, ए अशी वर चढत जाते. तेथे सरावाचे आराखडे लिहावे लागतात, शरीरशास्त्र समजावे लागते. दहावीला शाळा सोडलेल्या उत्तम खेळाडूची गाडी येथेच अडते. मैदान आणि वर्ग यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्या शिक्षकांनी आणि तितक्याच हट्टी क्रीडाप्रेमींनी याचा विचार करावा.

तारे निपजविणे हाच खेळाचा हेतू मानणाऱ्यांनी नागपूरकडे पाहावे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. चित्रपटापेक्षा आम्हाला मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल. अखिलेश पॉल हा तेथील मुलगा 2010 मध्ये रिओ द जानेरो येथील बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला आणि नंतर त्याच चळवळीत लहानांना शिकवू लागला. कोल्हापुरातही तालीम मंडळांच्या सावलीत जुना खेळाडू नव्याला हाताशी धरतो. मराठवाड्यात ही साखळी तयार झालेली नाही. आमच्या मुलांच्या पायांत जोर कमी आहे म्हणून नव्हे. पैनगंगेकाठच्या रानवाटा तुडवत आलेली ही मुले आहेत. खेळून परतलेला माणूस येथे थांबावा, अशी जागाच आपण ठेवलेली नाही.

2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा 15 सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा शासनाचा उपक्रम झाला. कल्पना उत्तम होती. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. परंतु तो एका दिवसाच्या उत्सवातून घडला नाही. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत रोज शिकविणारे होते, म्हणून घडला. चेंडू विकत मिळतो. शिकविणारा महिन्याच्या महिन्याला पोसावा लागतो, आणि खरा खर्च तोच आहे.

निवासी शाळेला येथे एक सोय आहे, जी शहरातील शाळेला नाही. मुले चोवीस तास आपल्याजवळ असतात. पहाटेची वंदना आटोपली की मैदान समोरच असते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हे खरे. तरी वर्षातले कितीतरी महिने ते खेळण्याजोगे असते. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांवर शिस्त, कवायत, सहली आणि गैरहजेरीचे तक्ते यांचाच भार असतो, त्यांच्याकडून आणखी काय मागावे?

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून किंवा स्वतंत्र निधीतून एका निवृत्त खेळाडूचे तीन वर्षांचे मानधन उभे करावे. तो विद्यापीठ, पोलीस किंवा रेल्वे संघातून खेळलेला असला तरी चालेल, डी परवाना मात्र असावा. नसल्यास निधीतून त्याला तो मिळवून द्यावा. पहिल्या वर्षी त्याच्याकडून करंडक मागू नये. मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून असावा, आणि बाकावर बसणाऱ्या मुला-मुलींनाही प्रत्येक सामन्यात काही मिनिटे मिळावीत, ही अट नेमणूकपत्रातच लिहावी. भोजनगृहात संध्याकाळच्या सरावानंतर शेंगदाणे-गूळ किंवा अंडे देता येईल काय, याचा हिशेब वसतिगृह अधीक्षकांनी मांडावा आणि तो पुढील बैठकीत संस्थेपुढे ठेवावा.