पारावरच्या गप्पा : चौसष्टाव्या वर्षी चालायला शिकलो



नांगरट झाली, धसकटं वेचून झाली, बियाणं घरात येऊन पडलं आणि आता मृगाची वाट पाहायची, असे मे अखेरचे आठ-दहा दिवस शेतकऱ्याला जरा मोकळे सापडतात. त्या दिवसांत उरलीसुरली लग्नं उरकावीत, नाहीतर पारावर बसून पावसाचा अंदाज बांधावा, ही आपली रीत. यंदा मी त्या दिवसांत चालायला शिकलो. वय वर्षे चौसष्ट.

हसलात ना? आमच्या तेर गावातही लोक असेच हसले. झाले असे, की गावातल्या एका निवृत्त व्यायाम शिक्षकांनी पंचावन्न वर्षांपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी तेरणेच्या काठी सहा दिवसांचे शिबीर घेतले. वेळ पहाटे साडेपाचची, कारण सातनंतर उन्हाचा चटका सोसत नाही. फी काही नाही. घरून दोन बांबू आणायचे, एवढीच अट.

मी गेलो तो हौसेने नव्हे. कार्तिकी एकादशीला आमच्या गोरोबाकाकांची पालखी तेरहून पंढरपूरला जाते. आमच्या घरातली पायी वारी पूर्वी कधी चुकली नव्हती. पण दोन वर्षे झाली, कारभारणीचा उजवा गुडघा धरतो आणि ती पालखी वेशीपर्यंत पोचवून मागे फिरते. घरी आल्यावर दिवसभर बोलत नाही. मास्तर म्हणाले, "वहिनींना घेऊन या. एकट्या यायच्या नाहीत, तुम्हीही या." म्हणून गेलो.

मनात मात्र ताठा होता. तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात आमच्या गावाचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथला माल गाड्यांवर लादून धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातो, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे चालणे हा आमच्या गावचा दोन हजार वर्षांचा धंदा! आणि आम्हाला चालायला शिकवणारे हे मास्तर कोण?

पहिल्याच दिवशी ताठा उतरला. मास्तरांनी सगळ्यांना एका पायावर उभे केले आणि दहा आकडे मोजायला लागले. मी सातव्याला पाय टेकला. कारभारीण दुखऱ्या गुडघ्यानिशी दहापर्यंत उभी राहिली. तिने जन्मभर डोक्यावर दोन-दोन घागरी वाहिल्या, मी बैलगाडीत बसलो, त्याचा हा हिशेब. मास्तरांनी सांगितले, की ब्राझीलमध्ये एक्कावन्न ते पंच्याहत्तर वयाच्या सतराशे माणसांची अशीच परीक्षा घेतली होती. त्यांतल्या सुमारे पाचातल्या एकाला दहा सेकंद उभे राहता आले नाही आणि पुढच्या वर्षांत त्या लोकांत दगावणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. हे २०२२ साली छापून आले. ऐकून मी गप्प बसलो. आता रोज दात घासताना एका पायावर उभा राहतो, एक हात भिंतीजवळ ठेवून.

दुसऱ्या दिवशी कारभारणीची चूक निघाली. उजवा गुडघा दुखतो म्हणून ती काठीही उजव्याच हातात धरायची. तुमच्या घरातही अशी कोणी असेल, जरूर पाहा. दुखतो त्याच्या उलट हातात काठी हवी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात आपोआप पुढे जातो. काठी त्या हातात असली तर पायावरचा भार ती वेळेवर उचलते. उजव्या हातात धरली तर अंग उलट दुखऱ्या पायावरच कलते. चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात खाली सोडावा आणि काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, हे एका काठीचे माप. दोन वर्षे ही बाई चुकीच्या हातात काठी धरून हिंडली आणि आम्हा कोणाला कळले नाही!

तिसऱ्या दिवशी दोन काठ्या आल्या. ही विद्या बर्फाच्या मुलखातली. तिकडे लोक पायांना लांब, अरुंद फळ्या बांधतात, दोन्ही हातांत काठ्या घेतात आणि सपाट बर्फावरून कोस-कोस घसरत जातात. त्याला स्कीइंग म्हणतात. बर्फ वितळला की अंगाची सवय मोडू नये म्हणून ते खेळाडू उन्हाळ्यात नुसत्या काठ्या घेऊन रस्त्याने चालत. त्यावरूनच फिनलंड देशात १९९७ च्या सुमारास साध्या माणसांसाठी वेगळ्या काठ्या निघाल्या आणि म्हातारीकोतारी मंडळी त्या घेऊन चालू लागली. नाव नॉर्डिक वॉकिंग. त्या काठीचे माप वेगळे. आपली उंची सेंटीमीटरमध्ये मोजून ०.६८ ने गुणायची. मी पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटीमीटर, तर माझी काठी ११२ सेंटीमीटरची.

विकतच्या काठ्या कोण घेतो? आम्ही बांबू कापले, खाली जुन्या टायरचे रबर ठोकले आणि वर सायकलच्या ट्यूबचा फास केला. काठी मागे गेली की मूठ सैल सोडायची, फासामुळे ती पडत नाही. मास्तर म्हणाले, नॉर्वेतला सोंद्रे नोरहाइम नावाचा गरीब कूळ-शेतकरी असाच खटपट्या होता. पायाची टाच फळीवर घट्ट बसावी म्हणून त्याने झाडाच्या मुळ्या पिळून बांधल्या. त्याच जोरावर १८६८ साली बेचाळिसाव्या वर्षी राजधानीत जाऊन त्याने तरुणांना हरवले. नॉर्वेतच १८७५ साली जन्मलेला हर्मन स्मिथ-जोहानसन पुढे कॅनडात राहिला. शंभरी ओलांडल्यावरही तो बर्फावर फिरायचा आणि १९८७ साली एकशे अकरा वर्षांचा होऊन वारला.

ऐकायला हे छान. पण माझे हात आणि पाय काही केल्या जमेनात. उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे. काठी मी पुढे रोवायचो, खुरप्याने माती उकरावी तशी. मास्तरांचा पुतण्या, विशीतला पोरगा, मागून ओरडायचा, "आजोबा, काठी पुढं रोवायची न्हाई, मागं लोटायची!" चारचौघांत तीनदा ओरडला. चौथ्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून अंथरुणातच राहिलो.

कारभारीण एकटीच गेली. येऊन चहा ठेवताना म्हणाली, "आज पुलापर्यंत जाऊन आले. गुडघा बोलला न्हाई." मग जरा थांबून, "तुमच्याबिगर वारीला जायचं म्हणजे बरं न्हाई दिसत."

पाचव्या दिवशी मी पोराच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. त्याने काठ्या हातात धरायलाच लावल्या नाहीत. नुसत्या फासात अडकवून मागे फरफटत चाल म्हणाला. शंभर-दीडशे पावले गेलो आणि हात आपोआप पायाच्या उलट झुलू लागले. मग सांगितले, आता जमिनीला टेकलेली काठी हळूच मागे लोट. झाले! इतके सोपे होते, मी ते जोर लावून अवघड करत होतो.

एक गोष्ट मास्तरांनी बजावून सांगितली, तीही लिहितो. दोन काठ्यांनी हात-खांदेही राबतात, म्हणून दम जास्त लागतो. छातीत दुखणे, चक्कर, वाढलेला रक्तदाब असेल त्याने आधी डॉक्टरला विचारावे. गुडघा सुजून गरम लागत असेल तर शहाणपणा करून घरी बसावे. साखरेचा आजार असणाऱ्याने रोज रात्री तळपाय उजेडात बघावेत, कारण फोड आलेला त्याला कळत नाही. आणि सुरुवातीला अर्धा कोसच. पहिल्या दिवशी मर्दुमकी गाजवणारा तिसऱ्या दिवशी लंगडतो, आमच्यात तसे दोघे निघाले.

शिबीर संपले आणि पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या ऐटीत दोन्ही काठ्या घेऊन रानात गेलो. काळी जमीन ती! दहा पावलांत दोन्ही टोकांना चिखलाचे लाडू बांधले गेले, काठ्या उचलेनात, शेवटी खांद्यावर टाकून घरी आणल्या. आता त्या दाराआड उभ्या आहेत. कार्तिकात रस्ता कोरडा असतो, असे कारभारणीने मला दोनदा ऐकवले आहे.