गवंडी आकाशातून पडत नाहीत

कसारा लोकलने आटगाव सोडलं की डब्यात बसायला जागा होते आणि फुकटचं ज्ञान वाटायलाही. परवा समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. मांडीवरच्या पिशवीत प्लास्टिकचे नऊ पिरॅमिड. मुलीच्या नव्या घराचा वास्तुदोष घालवायला. मी पिशवीकडे नुसतं पाहिलं, तर त्यांनी व्याख्यानच लावलं. गिझाचा पिरॅमिड माणसाने बांधलेलाच नाही म्हणे. "अहो, एवढाले दगड माणूस उचलेल का? वरून आले होते ते!" आणि बोट डब्याच्या पंख्याकडे. उंबरमाळी आलं. मी उतरलो, राग काही उतरला नाही.

परग्रहावर कोणी असेल तर सुखात राहो. माझा राग आहे तो माणसाच्या घामाची चोरी करणाऱ्या या बुद्धीवर.

गिझाचा हा खुफू राजाचा पिरॅमिड बांधला तेव्हा 146 मीटर उंच होता. सुमारे 23 लाख दगड. जवळजवळ 3,800 वर्षं माणसाने त्याच्याहून उंच काही उभारलं नाही. थक्क व्हावं असंच ते काम आहे. पण थक्क होणं आणि डोकं गहाण टाकणं यात फरक आहे की नाही? 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल्-जर्फला, पपायरसवरच्या नोंदी सापडल्या. लिहिणारा मेरर. सुमारे 40 माणसांच्या टोळीचा मुकादम. कोणत्या दिवशी तुऱ्याच्या खाणीतून चुनखडी होडीत भरली, कधी गिझाला पोचवली, सगळं लिहिलेलं. तारकामंडळं ओलांडून येणारे महाभाग नाईल नदीत होडी वल्हवत होते काय? 1990 मध्ये गिझाजवळ एका घोड्याचा पाय जुन्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची थडगी उजेडात आली. मोडून पुन्हा जुळलेली हाडं. म्हणजे कोणीतरी त्यांना फळ्या बांधल्या होत्या, औषधपाणी केलं होतं. त्यांच्या वसाहतीत पाव भाजण्याच्या जागा सापडल्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग सापडले. टोळ्यांनी दगडांवर आपापली नावं रंगवून ठेवली होती. मेनकौरे राजाच्या एका टोळीचं नाव 'मेनकौरेचे दारुडे'! आता सांगा, परग्रहवासी स्वतःला दारुडे म्हणवून घेतील?

एरिक फॉन डॅनिकेनने 1968 मध्ये आपलं अंतराळवीरांचं पुस्तक काढलं आणि तेव्हापासून या दुकानाचं शटर खाली आलेलं नाही. पिरॅमिडच्या प्रतिकृतीत ठेवलेलं ब्लेड बोथट होत नाही, या दाव्यावर 1959 मध्ये चेकोस्लोव्हाकियात चक्क पेटंट दिलं गेलं. मग कोणता न्हावी आपला वस्तरा रात्री पिरॅमिडखाली झाकून ठेवतो, तेवढं दाखवा. आणि यातली खरी लबाडी पाहा. इंग्लंडमधलं लिंकनचं कॅथीड्रल उंचीत पिरॅमिडच्या वर गेलं, ते बांधायला कोणालाही मंगळावरचा गवंडी आठवत नाही. इजिप्त म्हटलं की आठवतो. वेरूळचं कैलास म्हटलं की आठवतो. काळ्यासावळ्या हातांनी एवढं मोठं काम केलं, हे यांच्या घशाखालीच उतरत नाही. परक्यांनी असं म्हणावं हा त्यांचा माज झाला. आपल्या माणसाने म्हणावं? हा निव्वळ करंटेपणा आहे.

आता गाडीतून तोंड बाहेर काढा. पुढे कसारा, आणि कसाऱ्यापुढे थळ घाट. 1 जानेवारी 1865 रोजी खुला झालेला, 37 ला 1 असा चढ. आजही वर जाणाऱ्या गाड्यांना बँकर इंजिनं लावावी लागतात. हा घाट कोणी बांधला? डब्यातल्या कोणालाही विचारा, एका सुरात उत्तर येईल : इंग्रजांनी. हे आमचे घरचे परग्रहवासी! मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले, हे नाव इतिहासात आहे. तिकडे बोरघाटात 1859 मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला, काही आठवड्यांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने काम पुढे चालवलं, हेही नोंदलेलं आहे. बाई धीराची होती, तिला माझा नमस्कार. पण 1861 च्या सुमारास त्याच बोरघाटात 40 हजारांहून जास्त माणसं खडक फोडत होती. पटकीने पटापट मरत होती. त्यांतलं एक नाव सांगा. एकच! 4,500 वर्षांपूर्वीचा मेरर आपल्याला ठाऊक आहे, आणि खापरपणज्याच्या पिढीतला सुरुंग ठासणारा ठाऊक नाही.

नावं लिहिण्याची आपली रीतच नव्हती, असं कोणी सांगू लागला तर त्याला कार्ल्याला न्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्याच्या दारावर सुताराचं नाव कोरलेलं आहे : धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. बापाच्या नावासकट! रीत होती. मोडली आपण.

आणि इथे शहापुरात काय आहे? 1892 चं तानसा धरण, सुमारे 2,800 मीटर लांबीची दगडी भिंत. मेजर टुलॉकने योजना सुचवली, हे कागदोपत्री आहे. दगड कोणी रचले ते विचारू नका. नंतरचं भातसा. या पाण्यावर मुंबई अंघोळ करते आणि एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावतात. खुफू आपल्या मजुरांना पोटभर खाऊ घालत होता. आम्ही धरणाच्या उशाशी राहणाऱ्याला हंडाभर पाणी देत नाही आणि बढाया मारतो पिरॅमिडच्या ऊर्जेच्या.

त्या दिवशी स्टेशनावरून घरी जाताना वाटेत एक आजी भेटल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या. भातसाच्या कामावर पाट्या वाहिलेल्या. मी तावातावाने विचारलं, "आजी, धरण कोणी बांधलं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलं आहे.

"आमी नाय तं कोनी?"

मग पायरीवर बसून त्यांनी आपल्या टोळीतल्या बायांची नावं बोटांवर मोजली. अकरा. बाराव्या नावाला अडल्या. डोळे मिटून बसल्या, गालातल्या गालात पुटपुटल्या, तिच्या पोराचं नाव आठवलं, तिच्या माहेरचं गाव आठवलं, तिचं नाव येईना. "परत ये," म्हणाल्या. मी वहीत अकरा ओळी भरल्या आहेत, बारावी कोरी ठेवली आहे. उद्या जायचं आहे.